वामनभाऊ आणि म्हातारीची कढई

गावावर अजगर घिरट्या घालत होता आणि वामनभाऊ गुल्हाने एका म्हातारीची कढई शोधत होते.

अजगर साधा नव्हता. त्याला पंख होते, तोंडातून जाळ निघायचा आणि एक अख्खं शहर त्याने आधीच बेचिराख केलं होतं. राजाने वामनभाऊंना दरबारात बोलावून सांगितलं होतं की आता हे राज्य तुझ्याच हातात. वामनभाऊंनी ऐकून घेतलं, दरबाराबाहेर पडले आणि बाजारात जी पहिली म्हातारी दिसली तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. तिची कढई चोरांनी डोंगरापलीकडे नेली होती.

"वामनभाऊ, आधी अजगराचं पाहा," मी म्हणालो.

"अजगरासाठी राजा हाये, फौज हाये. बुढीसाठी कोन हाये?"

हे सगळं नेरमधल्या माझ्या भाड्याच्या खोलीत, संगणकाच्या पडद्यावर चाललं होतं. वामनभाऊ आमच्या कृषी कार्यालयात कृषी सहायक होते. म्हणजे मोपेडवर गावोगाव फिरायचं, कपाशीवर कोणती अळी आली ते पाहायचं आणि वर कळवायचं. मी त्याच कार्यालयात बाबू. माझं घर यवतमाळला, त्यामुळे आठवडाभर मी नेरला राहायचो. त्यांची खोली माझ्या खोलीला लागून होती, मध्ये एकच भिंत. वामनभाऊ पन्नाशीला आले होते. आडवा देह, जाड मिशी, लग्न नाही. का नाही हे कोणी विचारलं की म्हणायचे, "राहून गेलं."

टंकलेखनाचा सराव व्हावा म्हणून मी यवतमाळहून एक जुना संगणक आणला होता. आधीच्या मालकाने त्यात एक खेळ तसाच ठेवला होता. एक अफाट मुलूख, त्यात डोंगर, जंगलं, गावं, आणि आपलं एक पात्र. कोणत्या वाटेने जायचं ते आपण ठरवायचं. दूर बर्फाचा डोंगर दिसला तर चालत निघायचं, आणि तिथे खरोखर पोचता यायचं. राजाने मोठी कामगिरी सोपवलेली असायची, पण ती आजच करा असं कोणी म्हणत नव्हतं. वामनभाऊ एकदा साखर मागायला आले, तो पडदा पाहिला आणि साखर विसरून खाली बसले.

पात्राला नाव द्यायचं होतं. त्यांनी एका बोटाने इंग्रजीत 'गुल्हाने वा. मा.' असं भरलं. मग योद्धा, जादूगार की चोर, असं विचारलं गेलं. "याच्यात सरकारी नोकर नाई का?" म्हणाले. नाही म्हटल्यावर नाइलाजाने योद्धा झाले.

खेळ इंग्रजीत होता आणि वामनभाऊंचं इंग्रजी फवारणीच्या डब्यांवरच्या मजकुरापुरतं. म्हणून मी दुभाषा झालो. कार्यालय सुटलं की ते हातपाय धुऊन यायचे, खुर्चीत ताठ बसायचे, आणि खेळातल्या प्रत्येक गावात शिरल्यावर दिसेल त्या माणसाला गाठायचे. माझ्याकडे न पाहता म्हणायचे, "विचारा यायले, काय काम हाये."

वाटेत शेत लागलं की घोड्यावरून उतरायचे. कोबीचे गड्डे निरखायचे, गव्हाच्या ओळींतून चालायचे. पाठीमागून दरोडेखोर तलवार घेऊन येत असले तरी शेत पाहून झाल्याशिवाय वळत नसत. एकदा बराच वेळ एका बांधावर उभे होते. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, "एक पान खाल्लेलं नाई. कोनतं औषध मारत असतीन हे लोक?"

एका विधवेचं हरवलेलं मेंढरू आणून दिल्यावर तिने सोन्याची नाणी दिली. वामनभाऊ दचकले. "परत करा. आपल्याले घेता येत नाई." खेळात नाही म्हणायची सोय नव्हती. शेवटी त्यांनी ती नाणी तिच्याच उंबऱ्यावर टाकली आणि कोणी पाहिलं तर नाही ना, अशा नजरेने घोडा पळवला.

कढई मात्र सापडेना. डोंगराच्या खिंडीत लांडगे होते. वामनभाऊंना त्यांना मारणं जमायचं नाही, ते पळायचे. पळता पळता कड्यावरून पडायचे. कसेबसे पलीकडे पोचले की नेरची वीज जायची. भारनियमनाची वेळ ठरलेली होती, पण वीज ती पाळत नसे. पडदा काळा पडला की सगळं पुसलं जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खिंडीच्या तोंडाशी सुरुवात. मी वैतागायचो. वामनभाऊ अंधारात म्हणायचे, "ठीक हाये. उद्या परत." दुसऱ्या दिवशी लांडगे, कडा, अंधार. "ठीक हाये. उद्या परत."

त्यांनी लांडग्यांशी लढायला शिकायचं ठरवलं. नापास झालेला मुलगा गणिताला बसतो तसे ते बसले. बोटं अवघडली की मिठाच्या गरम पाण्यात बुडवून यायचे. कार्यालयात जेवायच्या सुट्टीत हवेत डावा हात पुढे, उजवा मागे, अशी ढालतलवार चालायची. शिपायाने मला बाजूला घेऊन विचारलं, "गुल्हाने साहेबाले येड लागलं का?"

एका संध्याकाळी वीज राहिली. वामनभाऊ खिंड ओलांडून गेले, चोरांच्या गुहेतून कढई घेतली, तशीच ती काळी कढई घेऊन सगळा मुलूख तुडवत बाजारात आले आणि म्हातारीच्या हातात दिली. म्हातारी दोन वाक्यं बोलली. नगारा वाजला. वामनभाऊ खुर्चीत मागे रेलले, डोळे मिटले आणि म्हणाले, "झालं."

"इतकं काय आहे हो त्या कढईत?" मी विचारलं.

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "बाबू, मी नोकरीले लागलो तवापासून माह्यं एक काम पुरं झालेलं तुमाले आठवते? कपाशीवर लाल्या आला, मी लिहून देलं. अळी आली, लिहून देलं. पंचनामे केले. वरून काय आलं? फारम आले. लोक आता माह्यावर राग बी काढत नाईत. मी गेलो का चहा ठेवतात. मले थो चहा गिळवत नाई. या बुढीची कढई गेलती. मी आनली. तिनं घेतली. हे असं मले कधी भेटलंच नाई."

ती कापसाची वाईट वर्षं होती. पऱ्हाट्या लाल पडायच्या, भाव पडायचा, आणि दिल्लीहून गाड्या भरून माणसं यायची. आम्ही त्यांना गावं दाखवायचो. ती हळहळायची आणि जायची. मी कार्यालयात बसून आकडे टाइप करत असे. वामनभाऊंना मात्र त्या घरांच्या ओट्यावर जाऊन बसावं लागायचं.

कढईनंतर त्यांच्यात एक फरक पडला. ते खऱ्या गावांतही तसंच विचारू लागले. पाहणी आटोपली, सल्ला देऊन झाला, की मोपेडवर बसता बसता विचारायचे, "आनखी काही काम हाये का? लहानसं?" लोक आधी हसले. मग कोणी चष्मा दुरुस्तीला दिला, कोणी उमरखेडला दिलेल्या पोरीसाठी लोणच्याची बरणी. वामनभाऊ ती बरणी मांडीत धरून एस.टी.ने उमरखेडपर्यंत गेले आणि तिच्या हातात देऊन परत आले. कार्यालयात चेष्टा व्हायची. साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "वामनराव, तुमी कृषी सहायक हायेत का गावचे गडी?" वामनभाऊंनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "साहेब, गड्याचं काम संध्याकाळी संपते तरी." साहेबांनी पुढचा विषय घेतला.

एका घरी मात्र त्यांना कोणी काम देत नव्हतं, तरी ते दर बुधवारी तिथे जायचे. दारव्हा रस्त्यावरून आत एक गाव होतं. तिथे कौसाबाई नावाची म्हातारी एकटी राहायची. तिच्या मुलाने त्या वर्षी जीव दिला होता. सून लेकरांना घेऊन माहेरी गेली. तेव्हापासून म्हातारी बोलत नव्हती. शेजारीण भाकर आणून ठेवायची, ती अर्धी खायची. वामनभाऊ जायचे, ओट्यावर बसायचे, "माय, काही काम हाये का?" असं विचारायचे. उत्तर नाही. रांजणातलं पाणी स्वतःच घ्यायचे, प्यायचे, निघायचे. पुढल्या बुधवारी परत.

एका बुधवारी संयुक्त पाहणी होती म्हणून मीही मोपेडवर मागे बसलो होतो. पुढच्या गावात साहेब जीप घेऊन वाट पाहत होते. वामनभाऊंनी तरी मोपेड आत वळवली. ओट्यावर बसले, नेहमीचं विचारलं. म्हातारी भिंतीकडे पाहत होती. आम्ही उठलो, तेवढ्यात ती म्हणाली, "बादली विहिरीत पडली."

शेजारीण दारात भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

"कवा पडली, माय?"

"सकायी."

वामनभाऊंनी आणखी काही विचारलं नाही. त्यांनी दोर मागवला, लोखंडी आकडा मागवला आणि विहिरीच्या काठावर पालथे पडले. पाणी खोल होतं आणि बादली आडवी पडलेली. आकडा कडीला लागायचा, बादली अर्ध्यापर्यंत यायची आणि सुटून धपकन खाली. गावातले लोक जमले. जो तो आपली युक्ती सांगू लागला. मोबाइलवर साहेबांचा फोन आला, मी उचलला नाही. ऊन चढलं.

"वामनभाऊ, नेरहून नवी घेऊन देऊ," मी हळूच म्हणालो. "साहेब थांबले आहेत."

"साहेब जीपमंदी हाये, सावलीत. तिनं नवी कुठं मांगतली? तिची काढाची हाये." आणि पुन्हा आकडा सोडला.

बादली सुटत राहिली. वामनभाऊंच्या कपाळावरून घाम विहिरीत पडत होता. त्यांनी आकडा वाकवून घेतला, दगडावर ठोकून परत वाकवला, सोडला. शेवटी कडी नीट अडकली. दोन माणसांनी त्यांचे पाय धरले आणि त्यांनी इंच इंच करत दोर ओढला. पोचे पडलेली, एका बाजूने चेपलेली पत्र्याची बादली वर आली. उभं राहताना मात्र त्यांच्या शर्टाची दोन बटणं काठाच्या दगडावर तुटून विहिरीत गेली.

त्यांनी बादली नेऊन कौसाबाईच्या पुढे ठेवली. तिने ती उचलली, आत हात फिरवला, भिंतीशी नीट ठेवली. मग वामनभाऊंकडे पाहिलं.

"शर्ट काढा."

"राहू द्या, माय. चालते."

"काढा म्हनते ना."

एवढा मोठा माणूस बनियनवर ओट्यावर बसला, हात कुठे ठेवावे ते न कळून त्याने ते मांडीखाली दाबले. म्हातारीने आतून डबा आणला. सुईत दोरा जाईना. तिने सुई त्यांच्याकडे केली, त्यांनी ओवून दिली. एक पांढरं बटण, एक निळं. तिने दोन्ही घट्ट लावली आणि दोरा दाताने तोडला. शेजारीण भांडी तशीच सोडून पदराने डोळे पुसत होती.

वामनभाऊंनी शर्ट घातला. म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "जेवले का, बापू?"

आम्ही दोघं निघतानाच नेरच्या खानावळीत पोटाला तडस लागेपर्यंत जेवलो होतो. वामनभाऊंनी तर भात परत घेतला होता.

"नाई, माय," ते म्हणाले.

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. थोड्या वेळाने चुलीचा धूर दारातून बाहेर आला. मग भाकर थापल्याचा आवाज. वामनभाऊ मान खाली घालून ऐकत होते. मी मोबाइल बंद केला आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलो.