हिरवा स्टिकर आणि टायरची हवा

टायरमध्ये हवा किती भरावी हा काही डोकं फोडण्यासारखा प्रश्न नाही, असं माझं ठाम मत होतं. आजही आहे. फक्त ते आता मी घरात बोलून दाखवत नाही.

मी वजनकाटे आणि दाबमापक तपासणाऱ्या कंपनीत क्लार्क आहे. म्हणजे प्रेशर हा माझा प्रांत. (तपासतात इंजिनिअर. मी नंतर स्टिकर चिकटवतो. पण स्टिकर लागल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही, हे लक्षात घ्या.) आमच्याकडे स्टिकर तीन रंगांचे. हिरवा म्हणजे 'तपासले, ठीक', पिवळा म्हणजे 'पुन्हा तपासा' आणि लाल म्हणजे 'बाद'. पहिल्यांदा हिरव्यांचं एक रीळ घरी आलं, तेव्हा फ्रिज, मिक्सर, गीझर, सासूबाईंच्या चष्म्याची डबी, सगळं एका दुपारीत तपासून ठीक झालं. गाडी घेतली तेव्हा तिलाही लावला. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की आतल्या पत्र्यावर कंपनीची बारीक अक्षरांची एक चिठ्ठी होती, तिच्यावरच बरोब्बर बसला. जागा जणू माझ्यासाठीच रिकामी ठेवली होती.

तर, बायको केक करते. आतापर्यंतची गिऱ्हाइकं म्हणजे माझी बहीण, बायकोचा भाऊ आणि वाढदिवस नसतानाही केक मागणारा वरच्या मजल्यावरचा वकील. पण त्या आठवड्यात तिला पहिली खरी ऑर्डर आली. कोपऱ्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता आणि केक हवा होता तीन मजली. बायको दोन दिवस ओट्यापासून हलली नाही. साखरेची एकेक पाकळी चिमट्याने लावताना तिचा श्वास थांबायचा आणि तिचा थांबला की आमचाही थांबायचा.

"हा नीट पोचला ना," ती म्हणाली, "तर त्यांच्या नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाचं कामही मिळेल. मग मी खरंच दुकान काढेन."

"पोचवायची जबाबदारी माझी," मी म्हणालो.

"तीच तर काळजी आहे."

अशा वेळी कर्तव्यदक्ष नवरा काय करतो? गाडी तपासतो. मी नुकताच हवा भरायचा छोटा इलेक्ट्रिक पंप घेतला होता. सकाळी खाली गेलो, उकिडवा बसलो आणि टायर नीट वाचला. टायरवर बरंच काही लिहिलेलं असतं, पण मला हवं ते मिळालं. मॅक्स प्रेशर, पन्नास.

आता विचार करा. परीक्षेत मॅक्स मार्क मिळवायचे असतात. पगार मॅक्स हवा असतो. मग हवेनेच काय घोडं मारलंय? मी चारही टायरांत पन्नास भरली. गाडी अशी ताठ उभी राहिली की मलाच भरून आलं.

केकचा खोका मागच्या सीटमागच्या उघड्या डिकीत ठेवला. बायको पुढे बसली. सासूबाई मागच्या सीटवर बसल्या, केकवर नजर ठेवायला. (आणि माझ्यावर. पण ते त्यांचं कायमचं काम आहे.)

पहिला स्पीड ब्रेकर आला. मी नेहमीसारखी बेताने गाडी घेतली. गाडी मात्र टुणकन उडाली. मागून सासूबाईंचं डोकं छताला लागल्याचा आवाज आला.

"जावईबापू, गाडी चालवताय की उंट?"

"आई, हवा परफेक्ट आहे. रस्ताच खराब आहे."

"काल याच रस्त्याने गेलो होतो. काल बरा होता!"

"अहो, हळू!" बायको मागे वळून खोक्याच्या वरच्या खिडकीतून बघत होती. "वरचा मजला खाली बसतोय!"

"घराचा पायासुद्धा थोडा खाली बसतो. मजबूत होतो तो."

यानंतर जे काय बोलायचं ते रस्ताच बोलत होता. एकेक खडा सीटमधून थेट मणक्यात कळवला जात होता. खडीचा एक पट्टा आला आणि मागून 'पच्' असा आवाज झाला. क्रीमचा आवाज एकदा ओळखीचा झाला की माणूस तो विसरत नाही.

"थांबा," बायको म्हणाली.

थांबलो. तिने डिकी उघडली. वरचा मजला मधल्या मजल्यात गळ्यापर्यंत रुतला होता. तिचे डोळे भरून आले आणि मला फार वाईट वाटलं. पण प्रेशरच्या माणसाने खचून चालत नाही. मी पंपाची नळी लावून आकडा बघितला. चोपन्न!

"वाढली!" मी ओरडलो. "आपोआप वाढली! तरीच!"

"किती भरली होती?"

"तो मुद्दा नाही. चालून चालून टायर तापले की आतली हवा फुगते. हे शास्त्र आहे. आता बघ, कशी गादी करतो."

मी किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्ह दाबले. सूं करून हवा निघाली. किती काढावी? मऊ हवंय ना, मग मऊ होईपर्यंत काढू, असा माझा हिशेब. विसावर थांबलो. सासूबाईंनी खाली वाकून टायर बघितले.

"हे बसलेत की काय?"

"आराम करतायत," मी म्हणालो.

आणि खरं सांगतो, पुढचा रस्ता असा गेला की बाळ झोपलं असतं. खडे कळेनात, खड्डे कळेनात. मी विजयी मुद्रेने बायकोकडे बघितलं. तिच्याही चेहऱ्यावर थोडा रंग परत आला होता. तेवढ्यात चौकातलं वळण आलं. मी स्टिअरिंग फिरवलं, पण ते हट्टी म्हशीसारखं जड झालं होतं. जोर लावला. गाडी आधी जागच्या जागी डुलली, मग कलली, मग एकदम वळली. खोका डिकीच्या या कडेपासून त्या कडेला गेला आणि मागोमाग सीटवर सासूबाईही.

मी गाडी कडेला घेतली.

बायको उतरली. डिकीकडे न जाता ती माझ्या बाजूला आली आणि तिने दरवाजा उघडला. मला वाटलं, आता मला खाली ओढणार. पण ती वाकली आणि पत्र्यावरचा माझा हिरवा स्टिकर नखाने खरवडू लागली.

"अगं, तो तपासलेला..."

"माझ्या भावाच्या गाडीत इथेच लिहिलंय. गाडी बनवणारे इथेच लिहून ठेवतात."

स्टिकर निघाला. खाली ती बारीक अक्षरांची चिठ्ठी. रोजच्या वापराला, टायर थंड असताना, तेहतीस. भरगच्च गाडीला थोडी जास्त. सासूबाईंनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं. मग चष्म्याच्या डबीवरचा हिरवा स्टिकरही काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"टायरवरचं पन्नास म्हणजे याच्यावर भरायची नाही," बायको शांतपणे म्हणाली. "भरायचीच असं नाही."

पंप चालू केला. टायर अजून गरम होते म्हणून बायकोने चिठ्ठीपेक्षा थोडी जास्त ठेवली. मी फक्त नळी धरली. (नळी कोणालातरी धरावीच लागते.) मग तिने गाडी चालवली आणि केक मांडीवर घेऊन मी मागे बसलो, सासूबाईंच्या देखरेखीखाली. गाडी साधी चालत होती, जशी रोज चालायची.

वाढदिवसाच्या हॉलच्या स्वयंपाकघरात बायकोने कोसळलेला मजला उचलून बाजूला ठेवला. उरलेल्या दोन मजल्यांवर क्रीम फिरवलं, जादा म्हणून डब्यात आणलेली साखरेची सगळी फुलं एका कडेला ओतल्यासारखी लावली. डॉक्टरीणबाई आल्या.

"तीन मजले ठरले होते ना?"

मी तोंड उघडणार होतो. सासूबाईंनी माझ्या पायावर पाय ठेवला.

"तीनच केले होते," बायको म्हणाली. "एक रस्त्यात गेला. चूक आमची आहे. लपवणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी मजले पुन्हा एकदा मोजले. तेवढ्यात वाढदिवसाच्या आजीच काठी टेकत आल्या, केकभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "दोनच बरे. तिसरा कापायला मला स्टुलावर चढवणार होतात की काय? आणि फुलं किती गं सुंदर!"

आजींनी केक दोनदा मागून घेतला. निघताना डॉक्टरीणबाईंनी उद्घाटनाची ऑर्डर पक्की केली. एकच अट घातली, गाडी बायकोनेच चालवायची. त्या वेळी मला राग यायला हवा होता. पण बायकोचा चेहरा असा उजळला होता की मला फक्त आनंद झाला. आनंदाच्या भरात मी पुढच्या वेळी पंपही आणेन म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तर सगळे माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होते. प्रेशरमधला माझा नवा अनुभव कानोकानी पोचला असावा, असं धरून मी सगळ्यांना टायरांबद्दल मार्गदर्शन केलं. जेवणाच्या सुट्टीत साहेब मागून आले आणि म्हणाले, "हे कोणी चिकटवलं?"

माझ्या पाठीवर पिवळा स्टिकर होता. 'पुन्हा तपासा'.

संध्याकाळी घरी आलो तो खूश होऊनच. बायको ओट्याशी साखरेच्या पाकळ्या करत होती.

"आमच्याकडे लाल स्टिकरही असतात," मी म्हणालो. "तरी माझ्या बॅगेतून तू पिवळा निवडलास. म्हणजे मी काही बाद नाही. शेवटी बायकोच माणसाला ओळखते."

तिने पाकळीवरची नजर काढली नाही.

"लाल खूप शोधले, मिळाले नाहीत," ती म्हणाली. "उद्या येताना घेऊन याल का?"