दुबारखूण

शीचांग शहरात आमच्या नुओसू भाषेची लिपी फोनवर आणली कुणी? मी! हजारावर अक्षरं, एकेका उच्चाराला एकेक. पूर्वजांनी ती पोथ्यांत जपली, मी ती लोकांच्या खिशात नेली. एकच अक्षर गाळलं. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या संगणकी यादीत त्याचं नाव 'वू' होतं आणि असा उच्चार मी तर कधी ऐकला नव्हता. म्हटलं, नोंदणाऱ्यांची डुलकी! आकृती बघायचे कष्टही न घेता ती जागा कोरी ठेवली आणि हा अक्षरसंच, म्हणजे फॉन्ट, गावभर वाटला.

पुढच्याच आठवड्यात भाचा जीहा धापा टाकत घरात शिरला.

"मामा, लपव मला! शागाचे भाऊ मागे लागलेत!"

"केलंस काय?"

"नुसतं लग्नाचं विचारलं रे!"

मी त्याचा फोन बघितला. यानं लिहिलेलं, 'माझ्याशी लग्न करशील.' तिचं उत्तर, 'डोकं ठिकाणावर आहे.' गडी खूश! लगेच तिचं दुसरं, 'माझे भाऊ माहीत आहेत.' यानं कळवलं, 'हो, फार भली माणसं!' आणि डुक्कर, दारू घेऊन थेट डोंगर चढून तिच्या दारात! डुक्कर तिथेच राहिलं, हा तेवढा परत आला.

"अरे, विचारलंस कुठे? हा तर हुकूम झाला!"

"विचारलं की! दुबारखूण दाबली होती. दिसली नाही, पण म्हटलं, मामानं केलंय म्हणजे असेल कुठेतरी!"

मी यादी उघडून त्या 'वू'ची आकृती पहिल्यांदाच बघितली. आमच्यात प्रश्न विचारायचा तर शेवटचा उच्चार दोनदा करतात. 'बो' म्हणजे जातोस. 'बो बो' म्हणजे जातोस का? लिहिताना दुसऱ्या 'बो'ऐवजी एक चिमुकली दुबारखूण. यादीत 'वू' या नावानं बसलेली हीच ती बाई! केवढीशी खूण, पण तिच्यावाचून विनवणीचा हुकूम होतो आणि शिवीची शाबासकी. धन्य आमची लिपी! तिच्यापुढे मी मनोमन लोटांगण घातलं.

तेवढ्यात शागाचाच फोन आला.

"कुठाय तो? 'करशील' म्हणे! मी काय त्याची मेंढी आहे?"

"पोरी, चूक माझी. थोडा दम धर!"

कोरी जागा भरली, नवा संच सगळ्यांना धाडला. जुने निरोपही आपोआप सुधारले. जीहा भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. त्याचा फोन वाजला.

'करीन. डुक्कर भावांनी खाल्लं, दुसरं आण.'

पोरगा असा नाचला की शेजारी भूकंप समजून बाहेर आले! मलाही भरून आलं. स्वतःवर खूश होऊन मी माझा फोन उघडला. संच पूर्ण झाला त्या दिवशी बायकोनं मला निरोप पाठवला होता, 'तू शहाणा आहेस.' कचेरीत सगळ्यांना दाखवला होता मी तो.

त्याच्यापुढे आता दुबारखूण दिसते आहे!