बोरन्हाणातला युवराज

निहारच्या बोरन्हाणाची सगळी तयारी झाली होती. बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, हलव्याचा मुकुट. अडलं ते चिल्लरपाशी. दिल्लीतल्या द्वारकेच्या त्या सोसायटीत भाजीवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे फोनवरच पैसे घेत, त्यामुळे आजीच्या, म्हणजे कल्पनाताईंच्या पर्समध्ये सुटा रुपया निघेना. शेवटी नवऱ्याच्या टेबलावरच्या बशीत पाच-सहा नाणी दिसली, ती त्यांनी बोरांत मिसळली.

नातवाच्या डोक्यावरून बोरं ओतली, शेजारच्या पोरांनी दोन मिनिटांत जमीन साफ केली आणि सगळी आपापल्या घरी पांगली. मग आतून अशोकरावांचा आवाज आला.

"कल्पना, बशीतलं नाणं कुठाय?"

"ते काळपट? अहो, मला वाटलं जुने चार आणे असतील."

"अठराशे वर्षांपूर्वीचं आहे ते!"

"मग जुनंच की!"

अशोकराव रिकामी बशी घेऊन बाहेर आले. रोमन साम्राज्याच्या कुठल्याशा लांबच्या प्रांतातलं ते नाणं, वर नऊ वर्षांच्या एका वारसाचा चेहरा. त्याचा फोटो काढताना आकार कळावा म्हणून त्यांनी बशीत शेजारी रुपये मांडले होते. त्या पोराचं नाव इतकं अवघड की अशोकराव त्याला नुसतं युवराज म्हणत, आणि त्याच्यावर त्यांचा फार जीव होता. कल्पनाताईंना रडू यायला लागलं.

इथे आल्यापासून चार वर्षांत लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे कोणाशी न बोललेले अशोकराव दारोदार निघाले. "बेटा, एक सिक्का मिला क्या? उस पर एक लड़के का फोटो है." पहिल्या घरी एक रुपया आणि गाजरहलवा मिळाला. दुसऱ्या घरी चहा. तिसऱ्या घरी दहावीतल्या मुलाला इतिहासाचं अख्खं प्रकरण शिकवून मगच सुटका झाली, आणि त्यात त्यांनी पुस्तकातली सनाची एक चूकही दुरुस्त केली.

पाचव्या मजल्यावर सात वर्षांच्या देविकानं दार उघडलं. नाणं तिच्याकडेच होतं, बाहुलीच्या लोकरी टोपीत.

"ठंड लग रही थी इसको. स्वेटर ही नहीं पहना," ती म्हणाली. "है कौन ये?"

"राजा का बेटा. तुमसे दो साल बड़ा."

"फिर राजा बना?"

बाप लढाई हरला आणि पळून जाताना हे पोर पकडलं गेलं, मारलं गेलं. साल दोनशे अठरा. अशोकरावांना सगळं पाठ होतं. देविका टोपी छातीशी धरून वाट बघत होती.

"बना," ते म्हणाले. "बहुत साल राज किया."

"शादी हुई?"

"हुई ना! धूमधाम से."

"बारात में हाथी थे?"

अशोकरावांनी जरा विचार केला. "बारह."

तिचं समाधान झालं. तिनं टोपीसकट नाणं त्यांच्या हातावर ठेवलं.

कल्पनाताई दारातच उभ्या होत्या. "मिळालं का हो?" म्हणत त्यांनी नाणं हातात घेतलं, डोळे पुसले आणि टोपी काढायला लागल्या.

"असू दे गं," अशोकराव म्हणाले. "थंडी आहे."