शेठले इचारून येतो

मोरेश्वर थूल यांच्या ट्रकचा मालक कोण, हे मला कागदोपत्री पक्कं ठाऊक आहे. आर.सी. बुकावर मोरेश्वर, कर्जाच्या कागदावर मोरेश्वर, विम्यावर मोरेश्वर, आणि गाडी चालवणारेही मोरेश्वरच. तरीही भाड्याची बोलणी निघाली की हा माणूस खुर्चीवरून उठतो, कान खाजवतो आणि म्हणतो, "थांबा, शेठले इचारून येतो." मग रस्त्यावर उभ्या असलेल्या आपल्याच ट्रकला वळसा घालून पलीकडे जातो. पाच-सात मिनिटांनी परत येतो, तोंड पाडून.

"शेठ नाई म्हन्ते."

हे मला कसं माहीत? तर नालवाडीत माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली आणि बाहेर 'कर सल्लागार' अशी पाटी. शेजारच्या गाळ्यात गोपालभाऊ बसतात. ते ट्रकवाल्यांना माल मिळवून देतात आणि त्यावर आपलं कमिशन घेतात. आमच्या मधे पत्र्याचं पार्टिशन. त्यांचं बोलणं मी ऐकत नाही, ते ऐकू येतं.

गोपालभाऊंना सुरुवातीचे काही महिने खरंच वाटायचं, की अल्लीपूरकडे कोणीतरी मोठी असामी आहे, आणि मोरेश्वर हा तिचा ड्रायव्हर. दिवाळीला त्यांनी त्या शेठसाठी सोनपापडीचा डबासुद्धा दिला. मोरेश्वरभाऊंनी तो दोन्ही हातांनी घेतला. "पोचवतो," म्हणाले. पुढं एकदा आर.सी. बुक हातात पडलं तेव्हा गोपालभाऊ भडकले, पण तोवर त्यांनाही सवय लागून गेली होती. शेठचा पहिला नकार आला की ते चारशे-पाचशे वाढवायचे. मोरेश्वरभाऊ पुन्हा वळसा घालायचे आणि येऊन सांगायचे, "नाईच म्हन्ते, पन जरासे नरमले." गोपालभाऊ कपाळावर हात मारून आणखी दोनशे वाढवायचे. तिसऱ्या फेरीला कधीतरी सौदा व्हायचा.

मला ही युक्ती फार आवडायची. मी लोकांना म्हणायचे, धंदा शिकावा तर या माणसाकडून.

ते पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा मात्र मी त्यांना धंद्यापासून परावृत्त करायचा चंगच बांधला होता. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवलेला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस, नागपूरकडची एक जुनी सहाचाकी घ्यायला निघालेला. "ताई, खर्च सांगा," म्हणाले. मी चष्मा पुसला आणि सुरुवात केली. गाडी नावावर करायचा खर्च.

"थे तर हायच. पुढं बोला."

वर्षाचा वाहनकर. विमा, तो दर वर्षी, आणि एकदम. नॅशनल परमिट.

"थे तर हायच. पुढं बोला."

गाडी आठ वर्षांच्या पुढची, म्हणून दर वर्षी पासिंग. पासिंगला नेण्याआधी ब्रेक, दिवे, रंग, रेडियमच्या पट्ट्या. प्रदूषणाचं सर्टिफिकेट. फास्टॅग. डिझेल तर रोजचंच. सहा टायर, शिवाय स्टेपनी. ताडपत्री, दोर. वर्षातून दोनदा कमानपाटे. आणि या सगळ्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता.

"पुढं?"

पुढं माझ्याकडेच काही उरलं नव्हतं. मी विचारलं, "मोरेश्वरभाऊ, एवढं सगळं कशासाठी? पगार मिळतो, तो काय वाईट आहे?"

"पगार बरा हाय," ते म्हणाले. "पन घरी कवा जाचं, थे दुसराच सांग्ते. आता म्या सांगीन." आणि लगेच उठले, जसं काही वजनकाट्यावरून गाडी पुढं काढायची आहे.

मला तो साधा ताठा वाटला. ड्रायव्हरांमधे असतो तो. पण या माणसाचं सगळं त्या एका गोष्टीवर अडकलेलं आहे, हे मात्र मला त्याच दिवशी कळलं. गाडी राहिली तर तो आपल्या मर्जीनं घरी जाणार, गाडी गेली तर पुन्हा दुसऱ्याच्या स्टेअरिंगवर.

पहिलं रिटर्न भरायची वेळ आली. मी त्यांना समजावलं, की छोट्या ट्रकमालकांसाठी कायद्यानं सोय केली आहे. गाडीच्या वजनाप्रमाणे दर महिन्याला ठरावीक कमाई धरली जाते, तेवढ्यावरच कर बघायचा.

"आन् गाडी ग्यारेजमंधी उभी असली तर?"

"तरी धरली जाते."

त्यांनी कान खाजवला. "म्हंजे सरकारचा माह्यावर माह्यापेक्षा जादा भरोसा हाय," म्हणाले. आणि खूश झाले. अशा कारणानं खूश झालेला करदाता मी दुसरा पाहिलेला नाही.

मी पुढं म्हटलं, "शिवाय या पद्धतीत वह्या, पावत्या काही ठेवावं लागत नाही." त्यावर त्यांनी पिशवीतून दोन गठ्ठे काढून टेबलावर ठेवले. एकाला लाल दोरा, एकाला पांढरा. लाल शेठचा, पांढरा ड्रायव्हरचा.

"अहो, गरजच नाही म्हणते ना मी!"

"सरकारले नसन. शेठले लागते."

मी ते गठ्ठे उघडले आणि अर्धा दिवस हसत बसले. ड्रायव्हरला दर फेरीला भत्ता दिल्याची पावती. खाली दोन सह्या, एक देणाऱ्याची, एक घेणाऱ्याची. घेणाऱ्याची सही शाळेतल्यासारखी, अक्षर अक्षर सुटं. देणाऱ्याची एकाच फटक्यात, शेपटीवाली. सेलूजवळ बंपर घासला म्हणून ड्रायव्हरला दंड. ड्रायव्हरनं पगारवाढ मागितली, तिच्यावर शेरा: 'दिवाळीनंतर पाहू.' दिवाळीनंतरचा शेरा: 'होळीनंतर पाहू.' आणि दसऱ्याच्या कपड्यांचं बिल, कारण आमच्याकडे मालक दसऱ्याला ड्रायव्हरला कपडे करतो. ड्रायव्हर, पँट-शर्ट एक. शेठ, साडी एक.

"तुमचे शेठ साडी नेसतात?"

"शेठची मर्जी," ते पांढरा दोरा बांधत म्हणाले.

बायकोची साडी धंद्यात घालणारे शंभर जण माझ्याकडे येतात. मी तेही बिल गठ्ठ्यात परत ठेवून दिलं.

मी त्यांना बोलायचे ते वेगळ्याच गोष्टीवरून. हा माणूस लांबचा माल घेत नसे. हिंगणघाटच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी दक्षिणेत जातात, त्याचं भाडं चांगलं. याच्या वाट्याला काय? तर हिंगणघाटहून सरकी वर्ध्याला, वर्ध्याहून सिमेंट आर्वीला, फार झालं तर नागपूर. सकाळी निघायचं आणि दिवे लागायच्या आत अल्लीपूरला घरी. मी सांगून थकले, की जवळच्या फेऱ्यांवर हप्ता निघतो, वर्षाचे मोठे खर्च निघत नाहीत. विमा, कर आणि पासिंग तिन्ही एकाच महिन्यात येतात, तेव्हा काय करणार?

"निंगते काही ना काही."

निघालं नाही. त्या महिन्याची वीस तारीख उलटली आणि मोरेश्वरभाऊंच्या खात्यात विम्याचे अर्धेसुद्धा पैसे नव्हते. विमा नाही तर पासिंग नाही, पासिंग नाही तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि उभ्या गाडीचा हप्ता काही थांबत नाही. माझ्यासमोर बसून त्यांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. 'पुढं बोला' म्हणाले नाहीत. त्यामुळे मला जास्त काळजी वाटली.

तेवढ्यात पत्र्यापलीकडून गोपालभाऊंनी हाक मारली. त्यांच्याकडे कोइंबतूरच्या गाठी होत्या, आणि परतीचा मालही ठरलेला. सहा दिवस. भाडं असं, की तिन्ही खर्च भागून टायरचेही पैसे सुटावेत. मी देव पावल्यासारखी खुर्चीतून उठले.

मोरेश्वरभाऊंनी कान खाजवला. "शेठले इचारून येतो."

गेले. आले. "शेठ नाई म्हन्ते."

"दोन हजार वाढवतो," गोपालभाऊ म्हणाले. मी त्यांना इतकं वाढवताना कधी ऐकलं नव्हतं.

गेले. आले. "नाई म्हन्ते."

आता मात्र माझं डोकं फिरलं. गाडी जायची वेळ आली आणि यांचं नाटक चाललंय! "कोण तुमचे शेठ, मला एकदा बघू द्या," म्हणून मी चप्पल पायात सरकवली. ते "ताई, ताई, काऊन येता" करत माझ्या पुढं धावले. मी ट्रकच्या पलीकडे पोचले तेव्हा ते पायदानावर बसले होते, आणि फोन स्पीकरवर लावून तोंडाजवळ धरला होता.

"शकुन," ते अगदी सावकाश सांगत होते, "गाठी हायेत. जानं-येनं सा दिवस. डिझेल, टोल जाऊन इमा निंगते, पासिंग निंगते. जाऊ का?"

फोनमधून नुसता श्वास ऐकू आला. बराच वेळ. मग जड, ओढत काढलेला आवाज. "ना... ई."

"बरं," ते म्हणाले, आणि मला पाहून उभे राहिले.

शकुन त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी तिला लकवा मारला. तेव्हा मोरेश्वरभाऊ दुसऱ्याच्या गाडीवर होते, कोइंबतूरलाच, गाठी उतरवत. मालकानं फोनवर सांगितलं, माल उतरव, परतीचा भर, मग ये. ते चौथ्या दिवशी घरी पोचले. उजवा हात आणि जीभ तोवर गेली होती.

"डॉक्टर म्हने, बोलतं ठेवा. असं इचारत जा, का तिले जवाब द्याच लागन," ते म्हणाले. "आता मी काय इचारू, ताई? चा पाह्यजे का, पानी पाह्यजे का, हे किती डाव इचारू? मंग गाडी घेतली. गाडीमंधी इचाराले लय असते. भाव इचारतो, टायर कोन्ता घेऊ थे इचारतो, ड्रायवरचा पगार वाढवू का थे बी इचारतो. रोज संध्याकाळी पावत्या वाचून दाखवतो. तिची बहीन फोन कानाले लावून देते."

"आणि त्या काय म्हणतात?"

"नाई म्हन्ते. थो एकच सबूद वापस आला."

"मग तुमचे सौदे होतात कसे?"

"आवाजावरून. टायरवर लोखंडी टॉमी मारली का हवा किती हाय, समजते का नाई? तसं. एक नाई असते, थे आतून हो असते."

"आणि आत्ताचं?"

ते ट्रकच्या पत्र्यावरची धूळ बोटानं पुसत राहिले. "आताचं समजलं नाई. माह्या कानातच भेव भरलं हाय. पुन्हा कोइंबतूर, पुन्हा गाठी..."

मला माझीच लाज वाटली. दीड वर्ष मी या माणसाला हुशार समजत होते, आणि तो नुसता घाबरलेला होता. पण लाज वाटून विमा भरला जात नाही. मी हात पुढं केला. "फोन द्या."

त्यांनी पुन्हा लावून दिला. मी म्हटलं, "वहिनी, मी नालवाडीची, कराचे कागद करणारी ताई बोलतेय. तुम्ही शेठ आहात, तर तुमच्याशी मालकासारखंच बोलते." आणि मी गुळमुळीत काही न ठेवता सगळं सांगितलं. महिनाअखेरीला पैसे भरले नाहीत तर गाडी उभी राहील. गाडी उभी राहिली तर कर्जवाले नेतील. मग हे पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर जातील, आणि घरी कधी यायचं ते तो दुसरा सांगेल. आज गेले तर सहा दिवस जातील. वर्षभर रोज संध्याकाळी घरी येतील. "तुमच्याजवळ कोणी आहे ना सहा दिवस?" पलीकडून बहीण म्हणाली, "मी हावो नं ताई, मी कुठी जातो." मी म्हटलं, "मग आता तुम्हीच सांगा, वहिनी. यांना काही समजत नाहीये."

खाटेची करकर ऐकू आली. बहीण काहीतरी पुटपुटली. मोरेश्वरभाऊ माझ्या हातातल्या फोनकडे बघत होते, आणि मी रस्त्याकडे.

"जा..." आवाज आला. मग पुन्हा, जोर लावून, "जाय."

गाडी त्याच दुपारी हिंगणघाटला भरायला लागली आणि सातव्या दिवशी सकाळी परत आली. विमा भरला, कर भरला, पासिंग झालं. ते सगळं माझ्या फायलीत आहे. फायलीत नाही ते एवढंच, की तो शब्द आला तेव्हा "काय म्हन्ते शेठ?" असं गोपालभाऊ पत्र्याआडून ओरडत होते, आणि मी त्यांना "थांबा जरा" म्हणत होते. मोरेश्वरभाऊंनी माझ्या हातून फोन घेतला होता. दोन्ही हातांनी धरून, पायदानावर वाकून, ते परत परत एकच म्हणत होते, "म्हन वं, शकुन. अजून एकडाव म्हन."