सोनेरी ठिपक्यांचा पक्षी

सुट्टीत दुर्बिणीला हात लावणार नाही, अशी शपथ राजवर्धनने बायकोसमोर, दिशासमोर घेतली होती. उरणजवळच्या किनाऱ्यावरच्या सासुरवाडीत ती शपथ सकाळच्या चहापर्यंत टिकली. अंगणापलीकडे वाळूत बांबूंवर बोंबील वाळत होते आणि शेवटच्या बांबूवर भलामोठा पक्षी बसला होता. तपकिरी अंग, पसरलेले पंख, छातीवर सोनेरी ठिपक्यांची सरळ ओळ! राजवर्धनने पक्ष्यांचं पुस्तक चाळलं, मग मागून पुढे चाळलं. असला पक्षी कुठेच नव्हता.

"चहा घ्या, जावय," सासूबाई, जमुनाबाई, म्हणाल्या.

"आई, माझी लग्नातली शेरवानी राहिलीय इथे. चुलतभावाच्या लग्नाला लागेल," डोळ्यांवरची दुर्बीण न काढताच तो म्हणाला.

"उन्हात घातली हाय."

त्याचं लक्ष कुठे होतं! मागच्या महिन्यात करावेच्या खाडीवर त्याने कुणाच्या तरी पाळीव बदकाला परदेशी पाहुणा ठरवलं होतं. तेव्हापासून सीवूड्सच्या पक्षीमंडळात त्याचं नावच 'बदक' पडलं. प्रमुख वैदेही मॅडम तर सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "एक तरी धड पक्षी दाखवा. नाहीतर पुढच्या सहलीला डबे सांभाळायला या." हा कलंक आज धुऊन निघणार होता. त्याने सूर्याकडे तोंड करून फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

मॅडमचा लगेच निरोप आला : 'जागचे हलू नका. त्यालाही हलू देऊ नका. आम्ही निघालोच.'

तेवढ्यात जमुनाबाई बोंबील उलटायला निघाल्या.

"आई, थांबा! उडून जाईल तो!"

जमुनाबाईंनी बांबूकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं. "तो नाय उडायचा, जावय."

"अहो, दुर्मिळ आहे तो!"

"तसा एकच हाय खरा," म्हणत त्या ओट्यावर बसल्या. जावयाला उलट बोलायचं नाही, ही त्या घरची रीत.

राजवर्धनची लहानगी लेक कमरेत ट्यूब अडकवून समुद्रासाठी भोकाड पसरून बसली होती. "आपण पाण्यात जायचं कधी?" दिशाने विचारलं.

"श्श! आवाज नको."

"शपथ घेतलेलीस ना रे? काय डोक्याला ताप आहे!"

दोन गाड्या भरून मंडळ आलं. हिरव्या कपड्यांतली ती धट्टीकट्टी माणसं वाळूत पोटावर सरपटायला लागली, तशी गावातली कुत्रीही बिचकली. कावळे वर घिरट्या घालत होते, पण खाली एकही उतरेना.

"कावळे घाबरतात म्हणजे गरुडच!" वैदेही मॅडम पुटपुटल्या. "पण हे ठिपके? आणि एवढा वेळ पापणीसुद्धा लवत नाही म्हणजे काय?" त्या पार गोंधळल्या होत्या; तरी इतर सगळ्या पक्षीमंडळांना त्यांनी 'नवीन गरुड' असं कळवूनही टाकलं. "मानलं तुम्हाला, राजवर्धन!"

राजवर्धनला तर आनंदाने रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात सासरे, गणूशेठ, होडी लावून आले. "पावनं झोपलेत का रं?" म्हणत त्यांनी सगळ्यांना ओलांडलं, सरळ बांबूपाशी गेले आणि पक्ष्याची मान आवळली.

"काका, सोडा त्याला!" मॅडम किंचाळल्या.

"सोडू कशाला? वाऱ्यानं मान ढिली झालीय." त्यांनी मान सुतळीने करकचून बांधली. पक्ष्याच्या काखेतून मूठभर पेंढा पडला. राजवर्धनने दुर्बीण लावली. सोनेरी ठिपके म्हणजे बटणं होती आणि उजव्या पंखावर बासुंदीचा डाग होता. लग्नाच्या पंगतीतला!

"आई... ही तर माझी शेरवानी!"

"कसर लागली व्हती, जावय. म्हनून उन्हात घातली. पेंढा भरून उभी केली, तवापासून एक कावला बोंबलांकडं फिरकत नाय."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"जावयाला खोटं कसं पाडायचं?"

वैदेही मॅडमनी कपड्यांवरची वाळू बराच वेळ झटकली. मग राजवर्धनला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "सहलीला या तुम्ही. डबे-बिबे काही नाही. फक्त हा विषय इथंच राहू दे."

राजवर्धनने मान हलवली. कलंक धुतला गेला होता, पण शेरवानीकडे बघून त्याचा चेहरा पडलाच.

जमुनाबाईंना त्याची दया आली. "वाईट नका वाटून घेऊ. लग्नात शेरवानीकडं कुनी ढुंकून बघितलं नाय. आज बघा, गाड्या करून लोकं आली!"