शेळ्यांच्या स्लॅबची घरपट्टी

"परत वाच," हरिबा सुनेवर ओरडला.

ऋतुजानं घरपट्टीचं बिल तिसऱ्यांदा वाचायला घेतलं. "आरसीसी बांधकाम, वापर निवासी."

"निवासी म्हंजी?"

"माणसं राहत्यात असं, मामा."

"आगं, पण तितं शेळ्या राहत्यात की!"

हरिबाचा संताप खोटा नव्हता. त्याच्या आवारात दोन इमारती होत्या. एक पत्र्याची, तिच्यात त्याची बायको केराबाई, मुलगा आणि सून राहत. दुसरी स्लॅबची, तिच्यात शेळ्या. दोन वर्षांपूर्वी बोकडांना चांगला भाव आला, तेव्हा आता तरी डोक्यावर स्लॅब पडेल अशी केराबाईची खात्री होती. स्लॅब पडला, पण शेळ्यांच्या डोक्यावर.

"माणसाला उकडलं तर माणूस सांगतंय. मुक्या जनावरानं कुणाला सांगायचं?" असं हरिबाचं म्हणणं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली भाकरी थापता थापता केराबाई हेच तर जन्मभर सांगत आली होती. पण तिचं सांगणं मोजायचं असतं हे त्याच्या कधी डोक्यात आलं नाही.

स्लॅब पडल्या दिवसापासून ती नवऱ्याशी सरळ बोललेली नव्हती. सांगायचं असेल ते सुनेला सांगे, सून घरात नसली तर एखाद्या शेळीला. हरिबानंही राखणीच्या नावाखाली आपली बाज स्लॅबखाली नेली. वर शेळ्यांसाठी म्हणून एक फॅनही लावला. तो नेमका बाजेच्या डोक्यावर आला.

बिल मुठीत चुरगाळून हरिबा ग्रामपंचायतीत घुसला. "भाऊसाहेब, माज्या करडांची नावं मतदार यादीत घातली का न्हाय आजून?"

ग्रामसेवक सोमेश भाऊसाहेब शांत माणूस. त्याच्या शांतपणाचा लोकांना फार राग यायचा. "आजोबा, पट्टी तीन गोष्टींवर बसते. बांधकाम कसलं, जागा केवढी आणि वापर कशाला. मोजणीला आलो तेव्हा आत बाज होती, फॅन होता, बिरोबाचा फोटो होता. शेळ्या काही दिसल्या नाहीत."

"चरायला गेल्त्या! बाज गळ्यात बांधून जातील काय?"

"उद्या परत पाहतो. गोठा असेल तर गोठा लिहितो. गोठ्याला पट्टी कमी."

दुसऱ्या दिवशी हरिबानं शेळ्या सोडल्याच नाहीत. बाज, वाकळ, दाढीचा आरसा, मोबाईलचा चार्जर सगळं पत्र्याच्या घरात नेऊन टाकलं. फॅन उतरवला. बिरोबाची क्षमा मागून फोटोही हलवला. केराबाईनं पहाटे झाडून काढलेल्या लेंड्या त्यानं उकिरड्यावरून घमेल्यानं परत आणल्या आणि जमिनीवर सारख्या पसरल्या. केराबाई दारात खराटा घेऊन उभी राहिली आणि हे सगळं बघत दात खाऊ लागली.

भाऊसाहेब आला. लेंड्या पाहून त्यानं पँट वर धरली.

"बघा, हाय का माणसाची खूण?" हरिबा म्हणाला.

"खरंच नाही. तुम्ही झोपता कुठं?"

"पत्र्यात. बायकूशेजारी."

केराबाई कडाडली. "ऋतुजा, इचार की साहेबास्नी, माज्या शेजारी झोपणारा ह्यो बाबा कोण? म्या तर दोन वर्सांत बघितला न्हाय!"

"ती रागात हाय, साहेब. तिचं काय मनावर घिऊ नगा," हरिबा घाईनं म्हणाला. विषय बदलावा म्हणून त्यानं मान न वळवताच गव्हाणीवरच्या कोनाड्यात हात घातला, तंबाखूची पिशवी काढली, चुन्याची डबी काढली आणि मळायला सुरुवात केली. "घ्या, चिमूटभर."

भाऊसाहेबानं तंबाखू घेतली नाही. "न बघता हात तंबाखूपर्यंत गेला, आजोबा. निवासीच आहे हे."

"माणूस एक आन् शेळ्या इस्स! इसात एक कुटं धरत्यात व्हय?"

"एक पुरतो."

हरिबानं पटका जमिनीवर आपटला. त्या आवाजानं बोकडं बिथरली. त्यांना आवरण्यात तो गुंतलेला असतानाच केराबाई पुढे आली. ती भाऊसाहेबाशी मात्र सरळ बोलली.

"साहेब, ह्ये घर हाय म्हंता, नक्की का?"

"नक्की."

"आन् पत्र्यात शेळ्या बांदल्या तर?"

"मग तो गोठा. त्याची पट्टी कमी होईल. पण त्यात माणूस झोपला की परत घर."

केराबाईनं एकेक दावं सोडायला सुरुवात केली. हरिबा आडवा आला, ओरडला, त्यानं शिव्या दिल्या. "मारतीस काय माज्या जितराबाला उनात?" तिनं एका शेळीकडे पाहून उत्तर दिलं, "चल गं बाई, तुज्या मालकानं तुज्यासाटी फॅन आणलाय, त्यो लावू की तुला तिकडं." दिवस मावळायच्या आत भांडी, ट्रंका आणि चूल स्लॅबखाली आली. लेंड्या पुन्हा उकिरड्यावर गेल्या. फॅन पत्र्यात शेळ्यांच्या डोक्यावर फिरू लागला.

हरिबानं रागानं बाज कडुलिंबाखाली टाकली. पत्र्यात झोपावं तर भाऊसाहेब पट्टी वाढवणार, आणि स्लॅबखाली जायचं तर केराबाईसमोर मान खाली घालावी लागणार. दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाची सावली सरकली. बाज ओढत तो तिच्यामागे फिरला. गरम वाऱ्यानं डोळ्यांची आग झाली. दोन्ही इमारती आपल्याच नावावर असून आपण उन्हात, या विचारानं तो आणखी पेटला आणि तणतणत स्लॅबच्या दाराशी गेला. दाराला आतून कडी होती.

"केरा! लई उकडतंय गं!"

आतून दोन वर्षांनी पहिल्यांदा सरळ उत्तर आलं.

"काय म्हणालासा?"

"उकडतंय म्हंतोय!"

"आयकू न्हाय आलं. परत सांगा."

हरिबानं दात आवळले. मग मान खाली घालून तो हळूच म्हणाला, "उकडतंय, केरा. पत्र्याखाली तुला तर लईच उकडलं आसंल."

कडी निघाली.