नकलेला मिळालेले प्रमाणपत्र

मानवी शरीराची रचना शासकीय कार्यालयाइतकीच विचारपूर्वक झालेली आहे. त्यात काम करणारी जनुके असतात, आणि त्यांच्यासारखीच दिसणारी, पण काम न करणारी छद्मजनुकेही असतात. रक्त गोठायला मदत करणारे एक जनुक बाराव्या गुणसूत्रावर राबते. त्याच्या मधल्या भागाची नक्कल बाविसाव्या गुणसूत्रावर बसलेली असते. हजेरी पूर्ण, काम निरंक.

रिठदला वांगी-कोथिंबीर पिकवणाऱ्या गिरजाबाईंना हे ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक होते, की आठवीतल्या सायलीची दाढ किडली आहे आणि पोरीचे रक्त एकदा वाहू लागले की थांबत नाही. दाढ काढण्याआधी इंजेक्शन हवे. फुकट इंजेक्शनला प्रमाणपत्र हवे, आणि ते रक्तगोठण पात्रता समिती देते. या समितीबद्दल मला नितांत आदर आहे. (तिच्याकडे स्वतःचे शीतकपाट आहे.)

सायलीच्या तपासणी अहवालात लिहिले होते: मूळ जनुकात दोष एक. खाली तंत्रज्ञाची टीप होती: नकलेतही चौदा बिघाड आहेत, तिकडे दुर्लक्ष करावे. समितीने या टिपेकडे दुर्लक्ष केले आणि गुणवत्ता यादी लावली. नक्कल चौदा, मूळ एक. निवड एकमताने झाली. प्रमाणपत्र नकलेला मिळाले, सायलीचे नाव प्रतीक्षा यादीत गेले.

गिरजाबाई तिसऱ्यांदा आल्या. टेबलामागे समितीचे कारकून मुकेश बाबू होते.

"बाबू, दाढ माह्या पोरीच्या तोंडात हाय. तुमी त्या बिनकामाच्याले कायले इंजेक्शन देऊन राह्यले?"

"बाई, बिनकामाचं हाय म्हणूनच त्याची फाइल साफ हाय. तुमच्या पोरीवाल्याच्या कामात गडबड निंगाली ना!"

मुद्दा बिनतोड होता. नकलेला दाढ नसल्याने इंजेक्शन वापरले गेले नाही. वार्षिक अहवालानुसार मंजुरी शंभर टक्के, गैरवापर शून्य टक्के, वापरही शून्य टक्के. (टाळ्या झाल्या.)

सायलीचा गाल सुजला आहे. ती चार दिवस दूधभात गिळते आहे, शाळेत जात नाही, आणि मला तिचे फार वाईट वाटते. आपल्यालाही वाटलेच असणार. आत्ता वाचताना आपण "छ्या, काय हे!" म्हणालात, मानही हलवलीत.

समितीने आपली नोंद घेतली आहे. दिसायला हुबेहूब माणूस, हळहळ पूर्ण, काम निरंक. आपले प्रमाणपत्र तयार आहे. येऊन घेऊन जावे.